फ्रेंच क्रियापदांच्या उच्चाराचा ऑनलाइन वर्ग: मोहर्लीच्या एका गाइडचा अभिप्राय

नागपूरला राहणाऱ्या एका निवृत्त फ्रेंच शिक्षिकेचा हा वर्ग आहे. विषय एकच: फ्रेंच क्रियापद बोलताना त्याचे तुकडे कुठे पडतात आणि जोर कुठल्या तुकड्यावर येतो. बारा रेकॉर्ड केलेले धडे, दर रविवारी रात्री आठ वाजता तासभर थेट वर्ग, व्हॉट्सॲपवर आपला आवाज पाठवून तपासून घ्यायची सोय आणि पोस्टाने घरी येणारी एक स्पायरल वही. फी ३,५०० रुपये. मॅडम जाहिरात करत नाहीत, त्यामुळे त्यांचं नाव इथे लिहीत नाही. पण फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाने असा वर्ग जरूर शोधावा, आणि शोधताना त्यात काय असलं पाहिजे हे कळावं, म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

मी ताडोब्यात मोहर्ली गेटवर गाइड आहे. गाव भद्रावती तालुक्यातलं, शिक्षण मराठी घेऊन बी.ए. आमच्याकडे येणाऱ्या परदेशी पाहुण्यांत फ्रेंच बोलणारेही असतात आणि जिप्सीत बसल्यावर ते आपसात फ्रेंचमध्येच बोलतात. इंग्रजीत त्यांचं-माझं निभतं, पण प्राणी दिसला की माणूस आपल्या भाषेत बोलतो. तेव्हा त्यांचं मला कळावं आणि माझं त्यांना, एवढी माझी गरज. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर भाग बंद असतो. त्या दिवसांत हा वर्ग केला.

पुढे फ्रेंच उच्चार देवनागरीत लिहिले आहेत ते वाचताना तीन गोष्टी धराव्यात. चंद्रबिंदू म्हणजे आवाज नाकातून. 'झ' म्हणजे आपल्या 'झाड'मधला. आणि 'र' घशातून, खाकरल्यासारखा. त, द हे मात्र अगदी आपले दाती त, द. इंग्रजी शाळेतली मुलं तिथे ट, ड म्हणतात आणि अडकतात; आपल्याला तो त्रास नाही.

आधी हे शिकायची गरज का पडते ते सांगते. फ्रेंचमध्ये 'तो झोपलाय' हे 'ईल दोर' आणि 'ते झोपलेत' हे 'ईल दोर्म'. 'तो' आणि 'ते' दोन्हीला 'ईल'च. लिहिताना दुसऱ्याला एस लागतो, पण तो ऐकू येत नाही. क्रियापदाच्या शेवटी ई-एन-टी अशी तीन अक्षरं लिहितात, तीही मुकी. म्हणजे वाघ एक आहे की बछड्यांसकट कुटुंब आहे, हे सारं त्या शेवटच्या 'म'वर ठरतं. तसंच पाणी पिण्याचं: एक पितो तेव्हा 'ब्वा', अनेक पितात तेव्हा 'ब्वाव'. बाहेर निघतो 'सोर', निघतात 'सोर्त'. शाळेच्या पद्धतीने तक्ता पाठ केलेल्या माणसाला हे लिहिता येतं पण ऐकू येत नाही, कारण त्याचं लक्ष ई-एन-टीवर असतं आणि तिथे आवाजच नाही.

दुसऱ्या धड्यात मॅडम हेच ऐकायला शिकवतात. क्रियापद लिहून दाखवत नाहीत. फक्त जोडी ऐकवतात, आणि आपण एक बोट की अनेक ते दाखवायचं. मी तो धडा जिप्सीत लावला होता. आमचे ड्रायव्हर भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होते. त्यांना फ्रेंचचा गंध नाही. 'दोर, दोर्म' दोनदा ऐकल्यावर म्हणाले, "ताई, एक खेप तोंड उघडंच राह्यलं त्या बाईचं, अन् दुसऱ्या खेपेला मिटलं." तेच तर धड्यात होतं. 'म'ला ओठ मिटतात, आणि मिटलेले ओठ म्हणजे अनेक. व्हिडिओ न बघता, नुसत्या आवाजावरून त्यांना ते मिटणं कळलं.

आता तुकड्यांबद्दल. सिलॅबलला मॅडम 'ठोका' म्हणतात, मीही तोच शब्द ठेवते. फ्रेंच बोलणाऱ्याला ठोका स्वरावर संपवायला आवडतो. दोन स्वरांमध्ये एक व्यंजन आलं की ते पुढच्या ठोक्याला जातं, आणि यात तो शब्दांच्या सीमा पाळत नाही. 'तो येऊन पोचतो' हे लिहिताना 'ईल' आणि 'आरीव' असे दोन शब्द. बोलताना 'ई-ला-रीव'. सर्वनामाचा 'ल' क्रियापदाच्या तोंडाशी जाऊन बसला. अनेक पोचत असतील तर तो एरवी मुका असलेला एस जागा होतो आणि 'ईल-झा-रीव' होतं. इथे एक की अनेक हे क्रियापदाच्या शेवटावरून कळत नाही, सुरुवातीच्या 'झ'वरून कळतं. व्यंजनाने सुरू होणाऱ्या क्रियापदाचा शेवट ऐका, स्वराने सुरू होणाऱ्याची सुरुवात ऐका, एवढं मॅडमनी एका ओळीत सांगितलं आणि त्यावर पूर्ण एक रविवार घालवला. तो रविवार पैसे वसूल करणारा होता.

जंगलात याचा सगळ्यात नाजूक नमुना मला सापडला तो 'ओँ-ना-ताँ' आणि 'ओँ-नाँ-ताँ'. पहिल्याचा अर्थ आपण थांबलोय, वाट बघतोय. दुसऱ्याचा अर्थ आपल्याला ऐकू येतंय. दोन्हीत 'न' सर्वनामाकडून आलेला आणि क्रियापदाला चिकटलेला. फरक फक्त मधला स्वर तोंडातून की नाकातून. चितळाचा कॉल आला, गाडी बंद करून सगळे कान देऊन बसले, आणि मागच्या सीटवरून कुणी कुजबुजलं, तर त्याने काय म्हटलं हे त्या एका अनुनासिकावर. मराठी कानाला अनुनासिक अवघड नाही. जुन्या मराठीत ते भरपूर होतं, कोकणी माणूस आजही बोलतो. पण आम्ही विदर्भातले ते सैल सोडतो, तेव्हा सराव लागतो. वहीत या जोडीचा सराव नव्हता. मी मॅडमना विचारलं तेव्हा त्यांनी लगेच अशा जोड्या रेकॉर्ड करून गटावर टाकल्या.

वर्गाचा खरा कणा मात्र चौथा, पाचवा आणि सहावा धडा. फ्रेंचच्या कुठल्याही पुस्तकात काही क्रियापदं 'थोडी अनियमित' म्हणून वेगळी काढलेली असतात. विकत घेणे: तो 'आशॅत', तुम्ही 'आश्ते'. हाक मारणे: तो 'आपॅल', तुम्ही 'आप्ले'. उठणे: तो 'लॅव', तुम्ही 'लवे'. लिहिताना आशॅतमध्ये ई वर एक तिरकी मात्रा येते, आपॅलमध्ये एलचं द्वित्त होतं, आणि विद्यार्थी दोन नियम वेगवेगळे पाठ करत बसतो. मॅडम म्हणतात, कान लावा, दोन्हीत एकच घडतंय. फ्रेंचमध्ये जोर शेवटच्या ठोक्यावर पडतो. तिथे जर तो पुसट, अर्धवट 'अ' आला, तर त्याला जोर पेलत नाही. म्हणून त्याच्या जागी उघडा 'ॲ' येतो. 'तुम्ही'च्या रूपात शेवटी 'ए' लागला की जोर त्या 'ए'वर सरकतो, आणि मधला स्वर पुन्हा पुसट होतो किंवा पार गळतो. मात्रा आणि द्वित्त ही एकाच आवाजाची लिहायची दोन वळणं.

इथे मला आपलं मराठी दिसलं, आणि मी थेट वर्गात ते मांडलं. आपण 'पकड' म्हणतो: प-कड. 'पकडू' म्हणताना मधला 'अ' गळतो: पक्-डू. 'पकडला' म्हणताना तो परत येतो: प-कड-ला. प्रत्यय स्वराने सुरू झाला की आतला 'अ' जातो, व्यंजनाने सुरू झाला की राहतो. आता फ्रेंच बघा. 'आ-शॅत' हे मूळ. स्वराचा प्रत्यय लागून 'आश्-ते', मधला स्वर गेला. भविष्यकाळाचा प्रत्यय 'रा' व्यंजनाने सुरू होतो, तिथे 'आ-शॅत्-रा', स्वर परत आला. पकड, पकडू, पकडला. आशॅत, आश्ते, आशॅत्रा. एकास एक बसतं. समज, समजू, समजला घ्या, उघड, उघडू, उघडला घ्या, सगळीकडे हेच. आपण हे लिहीत नाही, फ्रेंच माणूस लिहितो, एवढाच फरक. ज्या गोष्टीसाठी तक्ते घोकायचे ती आपली जीभ आयुष्यभर करत आलेली आहे, आणि हे कुणी सांगत नाही याचं मला फार वाटतं. फ्रेंच शिकवणारी बहुतेक पुस्तकं आपल्यापर्यंत इंग्रजीतून येतात, आणि इंग्रजीला हा खेळ असा माहीत नाही.

जोराचंही तसंच. मराठी शुद्धलेखनात आपण 'तो पितो' मध्ये पि ऱ्हस्व लिहितो आणि 'तो पीत आहे' मध्ये पी दीर्घ. धुतो, पण धूत. लिहितो, पण लिहीत. शाळेत यावर मार्क कापले जातात आणि मुलं वैतागतात. कान लावला तर कारण कळतं: 'पीत' हा एकच ठोका, सगळं वजन त्यावर, 'पितो' मध्ये वजन 'तो'कडे गेलं, आधीचा स्वर आखडला. फ्रेंचमध्ये वजन हललं की स्वराची लांबी बदलण्याऐवजी स्वरच बदलतो. तो पितो 'ब्वा', ते पितात 'ब्वाव', पण आम्ही पितो 'ब्यु-वोँ'. तो येतो 'व्यँ', ते येतात 'व्यॅन', आम्ही 'व-नोँ'. त्याला करावं लागतं 'द्वा', त्यांना 'द्वाव', आम्हाला 'द-वोँ'. प्रत्येक वेळी 'मी, तू, तो, ते' या चार रूपांत मुळावर जोर आणि तिथला स्वर भरलेला. 'आम्ही' आणि 'तुम्ही'त जोर प्रत्ययावर आणि मुळातला स्वर साधा.

याची कुळकथा मॅडमनी सहाव्या धड्यात सांगितली ती थोडक्यात लिहिते, कारण त्यामुळेच तक्ता डोक्यात बसतो. फ्रेंच लॅटिनमधून आली. लॅटिनमध्ये 'देबेत' म्हणताना जोर पहिल्या 'दे'वर, आणि 'देबेमुस' म्हणताना मधल्या 'बे'वर. शतकानुशतकं बोलताना जोराखालचा स्वर ताणला गेला, फुटला, जोडस्वर झाला. बिनजोराचा झिजला. म्हणून एकाच क्रियापदाच्या पोटात 'द्वा' आणि 'दवोँ' अशी दोन तोंडं. जुन्या फ्रेंचमध्ये अशी क्रियापदं खूप जास्त होती. आज सगळ्यात सरळ समजलं जाणारं 'बोलणे' हे क्रियापदसुद्धा तेव्हा तसंच होतं: तो बोलतो म्हणायला 'पारोल'सारखं रूप, आम्ही बोलतो म्हणायला 'पार्लोँ'. पुढे लोकांनी एक मूळ उचललं आणि सगळीकडे लावलं. 'प्रेम करणे' यातही तेच झालं. तिथे 'आम्ही'च्या रूपात 'आ' होता, तो जाऊन सगळीकडे 'ए'सारखा स्वर आला. जी रोजच्या वापरातली, पिणे, येणे, पाहिजे, शकणे अशी क्रियापदं, ती मात्र जुनी चाल सोडायला तयार झाली नाहीत.

आणि एक मजबूत अपवाद. 'तुम्ही'च्या रूपाला जवळजवळ सगळीकडे शेवटी 'ए' येतो, पण तीन क्रियापदांत येत नाही: तुम्ही आहात 'वू-झॅत', तुम्ही करता 'वू फॅत', तुम्ही म्हणता 'वू दीत'. कारण लॅटिन 'फाकितिस', 'दिकितिस' यांत जोर पहिल्याच ठोक्यावर होता, शेपूट गळून गेलं. यातल्याच 'करणे'चं 'आम्ही'चं रूप तर बघण्यासारखं आहे. लिहिताना 'फॅझोँ' वाटेल असं लिहितात, आणि म्हणायचं 'फ-झोँ'. जोर पुढे गेला म्हणून मागचा स्वर बोलण्यात पुसट झाला, लिखाण जुनंच राहिलं. वर्गातल्या एकीने विचारलं, मग वाचताना चुकणार नाही का? मॅडम म्हणाल्या, जोर शेवटी टाका, आपोआप बरोबर येईल. मी घरी म्हणून पाहिलं. खरंच, 'झोँ'वर नीट उतरलं की 'फॅ' म्हणायला तोंड तयारच होत नाही.

फ्रेंच जोराची आणखी एक गोष्ट आठव्या धड्यात. जोर शब्दाचा नसतो, एका दमात म्हटलेल्या गटाचा असतो. पाहुण्यांना आदल्या रात्री मला सांगावं लागतं की तुम्ही उठता: 'वू वू लवे', जोर 'वे'वर. पण 'तुम्ही चार वाजता उठता' म्हणताना जोर 'वाजता'च्या शब्दावर, शेवटी. 'वे' हलका होऊन जातो. आणि भरभर बोलताना 'वू-वूल्-वे', कारण पुसट 'अ' तिथे गळतो. कधी गळतो, कधी टिकतो याचा फ्रेंच ध्वनिशास्त्रज्ञ मोरिस ग्रामों यांच्या नावावर एक ठोकताळा आहे: गळाल्यामुळे तीन व्यंजनं एकत्र येणार असतील तर टिकतो. म्हणून 'आम्ही देऊ' हे 'दोन्-रोँ', दोन ठोके; पण 'आम्ही बोलू' हे 'पार्-ल-रोँ', तीन. लिखाणात दोन्हीची शेपटं सारखी. हा ठोकताळा शंभर टक्के चालत नाही हे मॅडमनी आधीच सांगितलं, पण शिकणाऱ्याला पुरतो.

हाच पुसट 'अ' आज्ञार्थात अडतो. गाइडला आज्ञार्थ सगळ्यात जास्त लागतो: बघा, थांबा, माझ्यामागे या. 'मला' म्हणायला फ्रेंचमध्ये एरवी 'म' असतं, क्रियापदाच्या आधी येतं. 'माझ्यामागे या' म्हणताना ते मागे जातं, गटाच्या शेवटी, म्हणजे जोराच्या जागी. पुसट 'म'ला तिथे उभं राहता येत नाही, म्हणून 'म्वा' येतं: 'स्युई-वे-म्वा'. नकार घातला की ते परत पुढे येतं आणि परत 'म' होतं. पुस्तकात हा सर्वनामांचा नियम म्हणून वेगळ्या पानावर असतो. इथे तो आशॅत-आश्तेच्या शेजारी ठेवलाय, आणि तीच त्याची जागा आहे.

'तुम्हाला चहा चालेल का' विचारायचं नम्र रूप 'वू-द्रि-ये'. 'तुम्ही बोलत होता' याचं 'पार्-ल्ये'. शेवट लिहायला एकसारखाच, पण पहिल्यात तीन ठोके, दुसऱ्यात दोन. 'द्र'सारख्या जोडाक्षरानंतर 'य' चिकटत नाही, मध्ये 'इ' घालून नवा ठोका करावा लागतो. हे मॅडमनी दोन मिनिटांत उरकलं. मला वाटतं यावर अर्धा धडा हवा होता, कारण पाहुणचारात हे रूप रोज लागतं.

आता न आवडलेलं. पहिल्या धड्यात एक गोंधळ आहे तो दूर केलाच पाहिजे. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचे छपाईचे नियम आणि बोलण्यातले ठोके त्यांनी एकाच तक्त्यात टाकलेत. 'आम्ही संपवतो' हे छापताना 'फि-निस्-सोँ' असं तुटतं, कारण दोन एस आले की एक अलीकडे, एक पलीकडे. बोलताना एकच 'स' आहे आणि तो पुढे जातो: 'फि-नि-सोँ'. 'ते संपवतात' हे छापताना तीन तुकडे, बोलताना दोन, 'फि-निस'. नवखा माणूस छापील तुकडे मोजून बोलायला लागतो आणि मुक्या ई-एन-टीला आवाज देतो. मला हे सोडवायला आपला अभंग उपयोगी पडला. चरणाची अक्षरं मोजताना 'विठ्ठल' आपण तीन अक्षरांचा धरतो, बोलताना 'विठ्-ठल' दोनच ठोके. कागदाचा हिशेब एक, तोंडाचा दुसरा. पुढे कळलं की फ्रेंच जुनी कविताही तशीच मोजतात. बारा ठोक्यांच्या ओळीत, पुढे व्यंजन आलं तर शब्दाच्या शेवटी लिहिलेला मुका ई मोजला जातो, बोलण्यात कितीही गळो. 'तो बोलतो' मधलं 'पार्ल' हे गद्यात एक ठोका, पद्यात व्यंजनापुढे दोन. मॅडमनी पहिल्या धड्यात हे एवढं जरी सांगितलं तरी तक्ता निस्तरेल.

दुसरं, वहीत 'पसंत करणे' या क्रियापदाचं भविष्यरूप १९९० च्या सुधारित लेखनाप्रमाणे छापलंय. ६ डिसेंबर १९९० ला फ्रान्सच्या सरकारी राजपत्रात त्या सुधारणा प्रसिद्ध झाल्या, आणि हे नवं लेखन उच्चाराशी जास्त जुळतं, तेव्हा निवड चांगली. पण जुनं रूपही चालतं आणि बऱ्याच पुस्तकांत तेच सापडतं, हे वहीत कुठेही नाही. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेला बसणारी मुलं वर्गात होती, ती गोंधळली.

तिसरं, आवाज सगळे पॅरिसच्या वळणाचे. फ्रान्सच्या दक्षिणेकडची माणसं, तुलूझ, मार्सेयकडची, शेवटचा पुसट 'अ' स्पष्ट म्हणतात. त्यांच्या तोंडी 'पार्ल' हे 'पार्-ल' होतं आणि ठोक्यांचा सगळा हिशेब बदलतो. एखादा तरी धडा त्या आवाजाचा हवा. आपल्याकडे पुण्याचं ऐकून आलेला माणूस चंद्रपुरात बस स्टँडवर उतरला, "काहून थांबून राह्यले बा?" असं कुणी विचारलं, तर त्याला कळायला वेळ लागतोच.

'ब्यु'मधला तो स्वर देवनागरीत बसत नाही. ओठ 'ऊ'चे, जीभ 'ई'ची. वहीत त्याला वेगळी खूण नाही, 'यु'च छापलंय, त्यामुळे ज्यांनी व्हिडिओ नीट पाहिला नाही ते चक्क 'य' म्हणतात. वहीत एक खूण ठरवून टाकली असती तर पुरलं असतं.

व्हिडिओ जड आहेत. आमच्याकडे पावसात लाईट गेली की टॉवरही जातो, आणि रेंज असली तरी एवढी मोठी फाइल उतरत नाही. मागितल्यावर मॅडमनी नुसता ऑडिओ पाठवला, आणि तो फोनमध्ये ठेवून मी रोवणीच्या दिवसांत बांधावर ऐकला. खेड्यातल्या विद्यार्थ्यांना हा ऑडिओ न मागता पहिल्याच दिवशी द्यायला हवा.

तपासणीबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहायचं आहे. आपण आवाज पाठवायचा, मॅडम तोच शब्द आधी आपल्यासारखा आणि मग बरोबर म्हणून परत पाठवतात. दोन्ही एकामागे एक ऐकले की चूक सांगावी लागत नाही. त्या कुणाला घाई करत नाहीत. माझ्या 'र'ला त्यांनी हात लावला नाही. म्हणाल्या, 'र' कुणालाही समजून घेता येतो, जोर चुकीच्या जागी पडला तर वाक्यच समजत नाही, तेव्हा आधी जोर. इंग्रजी शाळेतली जी मुलं होती त्यांची अडचण नेमकी तीच होती. इंग्रजीत शब्दाच्या आधीच्या भागावर आपटायची सवय लागते, आणि ती मुलं 'पार्-ले'मध्ये 'पार्'वर आपटत. मराठीतून आलेल्यांचं बोलणं मुळात सपाट; शेवटचा ठोका थोडा लांबवला की काम होतं. वर्गात हे स्पष्ट दिसत होतं.

साधा भूतकाळ, जो फ्रेंचमध्ये आता फक्त लिखाणात आणि गोष्टींत सापडतो, तो मॅडमनी पूर्ण वगळलाय. बोलणाऱ्यासाठी ते योग्यच आहे. साहित्य वाचायला शिकणाऱ्याने या वर्गावर विसंबू नये. ज्याला फ्रेंचचा काहीच परिचय नाही त्यानेही आधी दोन-तीन महिने कुठेतरी सर्वनामं आणि साधी वाक्यं करून मगच इकडे यावं, नाहीतर ठोके कळतील पण अर्थ कळणार नाही. रोज ऐकायला रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनलचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र मॅडम सुचवतात. ते फुकट आहे, आणि त्यात क्रियापदांची शेवटची व्यंजनं इतकी स्वच्छ ऐकू येतात की दुसऱ्या धड्याचा सराव आपोआप होतो.

हॉटेल, रिसॉर्ट, गाइड, होमस्टे या कामांतल्या आपल्या भागातल्या मुलामुलींना मी हा वर्ग करायला सांगते आहे, आणि फी एकदम जमत नसेल तर मॅडम दोन हप्त्यांत घेतात. बॅच लहान असते. पावसाळ्याच्या बॅचला बसायचं असेल तर जून लागताच नाव द्यावं लागतं.